स्टेडियमची फेरी आणि दोन हात दोरी

गेल्या वर्षी पुतणीच्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला नऊ दिवस उरले होते, तेव्हा माझ्या थोरल्या भावाचं रान वाढलं.

मी गॅरेजचं शटर वर करत होतो, तोवर दादाचा फोन आला. दादा पुणतांब्याजवळ गावाकडची शेती बघतो. "हसू नको बरं का," असं म्हणून तो स्वतःच हसायला लागला. "कांद्याचं रान शेजाऱ्यासंगं निम्म्यानं करायचं ठरलंय, म्हनून मोजाय घेतलं. विहिरीपासनं बांधापतूर कायम धा दोऱ्या भरतंय. आज अकरा भरलं! शेजारी म्हनतो, बांध सरकावला का काय तुमी? आरं, आख्ख्या जिल्ह्यात रान वाढलेला मी एकटाच असंल!"

मीही हसलो. हसता हसता माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं खिळ्याला एक गोल चुंबक टांगलेला होता आणि त्या चुंबकाला निळ्या दोरीचा दोन हात लांबीचा तुकडा बांधलेला होता. माझं हसू तिथंच थांबलं. पलीकडं दादा अजून हसत होता.

हे का झालं ते सांगायचं तर आधी स्टेडियम सांगावं लागेल.

माझं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज श्रीरामपुरात, स्टेडियमच्या मागच्या गेटासमोर आहे. आमचं स्टेडियम म्हणजे एका बाजूला पायऱ्यांची गॅलरी, तीन बाजूंना भिंत आणि मधे माती. भिंत व्हायच्या आधी ते नुसतं मोकळं मैदान होतं आणि कापसाच्या दिवसांत तिथं बैलगाड्या उभ्या राहायच्या. वडिलांबरोबर कापसात कमरेपर्यंत रुतून मी त्याच मैदानात पहिल्यांदा आलो आणि गाडीतून उतरताना तोंडावर पडलो, एवढीच माझी त्या मैदानावरची क्रीडा कारकीर्द. पुढं भिंत आली, गॅलरी आली आणि मैदानाला कामं लागली. प्रजासत्ताक दिनाची परेड, टेनिस बॉलचे सामने, कुस्त्या, सर्कस, सप्ताह, कृषी प्रदर्शन, पुढाऱ्यांच्या सभा. सभेला हेलिकॉप्टर येणार असलं की मधोमध मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून चुन्याचं मोठं वर्तुळ काढतात, आणि ते उडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोरं त्याच वर्तुळात कबड्डी खेळतात. कोरोनात भाजीबाजार तिथं भरला, तेव्हा माणसांनी लांब लांब उभं राहावं म्हणून चौकोन आखायचे होते. ते मी आखले. चौकोन इतके सरळ आले की भाजीवाल्या बायका मला 'मोजणीवाले' म्हणायला लागल्या. माझ्या डोक्यात हवा शिरली ती तिथं. दुसऱ्यांच्या टायरांत हवा भरणाऱ्याला आपल्या डोक्यातली कळत नाही.

प्रत्येक कार्यक्रम उठून जाताना मैदानात काहीतरी ठेवून जातो. मंडपवाले बांबू नेतात, कनाती नेतात, खिळे नेत नाहीत. सप्ताह उठला की पुढचे पंधरा दिवस माझ्या दारात पंक्चरच्या गाड्यांची रांग. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग पुतणी आली.

दादाची एकुलती एक मुलगी. आदल्या भरतीत ती चार मार्कांनी राहिली होती आणि चारही धावण्यात गेले होते. गावाकडं पळायला जागा नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. म्हणून ती आमच्याकडं राहायला आली. येताना दादा मला एवढंच म्हणाला, "तुझ्यापाशी मैदान हाय. बघ पोरीकडं." भरती दरवर्षी निघतेच असं नाही, आणि पुढची निघेपर्यंत तिचं वय उलटणार होतं. म्हणजे जी समोर होती तीच शेवटची. आठशे मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आली तर पूर्ण मार्क. पुढं दर दहा सेकंदांना दोन मार्क गळतात.

ती अनवाणी पळते. मी बूट आणले, ते तिनं काकूला फिरायला दिले. काकू म्हणजे आमची ही. अजून तेच बूट घालते आणि भाजी आणायला जाते.

आल्यानंतर महिन्याभरातच पोरीच्या टाचेत मंडपाचा खिळा घुसला. तीन आठवडे पळणं बंद. मी तेव्हा एका जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक काढला आणि ठरवलं की रोज सकाळी ती पळायच्या आधी हा सगळ्या मैदानावर ओढायचा. ओढायला दोरी हवी. हाताशी होती ती वडिलांची.

ही दोरी म्हणजे आमच्या घरातलं मोजमाप. तेहेतीस फूट, एका गुंठ्याची बाजू. मधोमध एक लाल चिंधी बांधलेली, निम्मं कळावं म्हणून. वडील होते तोवर आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं बांधाचा वाद झाला की आधी ही दोरी बोलवायची. वाटणीच्या वेळी मी रान सगळं दादालाच कसायला ठेवलं आणि दोरी तेवढी मागून घेतली. भावनेपोटी. नंतर त्या भावनेनं मी टेम्पोवर गाड्या आवळत होतो.

तर त्या दोरीचा मी दोन हात तुकडा कापला. तीन हात कापला असता तर ताठ चालता आलं असतं. पण वडिलांची दोरी म्हणून काटकसर केली, आणि त्या काटकसरीपायी रोज कमरेत वाकून मैदानभर फिरायची पाळी आली. दोरी नायलॉनची. कापलेलं टोक सुटू नये म्हणून काडी ओढून भाजलं, बोटानं गोल केलं. इतकं सफाईदार, की दुकानातून तसंच आलंय असं वाटावं. एवढी सफाई मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर कधी दाखवलेली नाही.

मी चुंबक ओढत निघालो की फिरायला येणारी मंडळी मागून बोलायची.

"मिस्त्री, काय हरवलं काय?"

"हरवलं नाही हो, स्वतःच्या धंद्यावर चुंबक फिरवतोय तो!"

खिळे निघायचे मात्र ओंजळभर. पुतणीच्या टाचेला पुन्हा काही लागलं नाही. त्या समाधानात मी तो कापलेला तुकडा पार विसरून गेलो. रोज हातात असलेली वस्तू माणूस जितकी विसरतो तितकी दुसरी कुठली विसरत नाही.

पुढच्या हंगामात मैदानावर कृषी प्रदर्शन भरलं. ट्रॅक्टर, पाइप, ठिबक, गाईम्हशी. ते उठलं तेव्हा पळायच्या फेरीच्या खुणांचे जुने दगड कुठं गेले ते कुणाला सांगता येईना. सगळीकडं मुरूम. पळणाऱ्या मुली गॅलरीच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. कुणीतरी म्हणालं, टेप आणून मोजायला पाहिजे. मी म्हणालो, टेप कशाला? मी आहे ना.

गणित सोपं होतं. चारशे मीटर म्हणजे तेराशे बारा फूट. तेहेतीस फुटी दोरी चाळीस वेळा टाकली की तेराशे वीस. म्हणजे आठ फूट जास्तच. "जास्त चालेल, कमी नको," असं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पुतणी. चाळीस वेळा दोरी टाकली, वळणांवर गॅरेजातले जुने टायर ठेवले, वरून चुन्याची फक्की मारली.

दोरी गुंडाळताना पुतणीनं विचारलं, "काका, दोरी बरोबर आहे ना?"

"आजोबांची दोरी आहे," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि घड्याळात दोन मिनिटं त्रेचाळीस सेकंद आले. त्याआधी ती तीन मिनिटांच्या आसपास घुटमळत होती. मी गेटापासून घरापर्यंत पेढे वाटले. मी म्हणालो, भिजवलेल्या बदामांचा गुण. ही म्हणाली, बाजरीच्या भाकरीचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी पोरीला सांगितलं, "आता धावण्यात सात सेकंद हाताशी आहेत. फार ताणू नको. गोळाफेकीकडं बघ." तिनं ऐकलं. मोठ्यांचं ऐकणारी मुलगी आहे ती, हा तिचा एकच दोष.

आणि आता चाचणीला नऊ दिवस राहिले असताना दादाचं रान वाढलं होतं. चारच दिवसांपूर्वी तो येऊन दोरी घेऊन गेला होता.

"दादा," मी फोनवर म्हणालो, "ती दोरी जरा चिंधीवर दुमड."

"कशापायी?"

"दुमड म्हणतो ना."

फोन बांधावर ठेवल्याचा आवाज आला. वारा ऐकू येत होता. मग दादा म्हणाला, "आरं, एक बाजू आखूड हाय की. दोन हात. कुनी खाल्ली?"

मी फोन ठेवला. गॅरेजच्या फरशीवर खडूनं आकडे मांडले. दोन हात म्हणजे तीन फूट, तेवढी प्रत्येक दोरी कमी. चाळीस दोऱ्यांना एकशेवीस फूट. दोन फेऱ्यांना दोनशेचाळीस. वर घातलेले सोळा फूट वजा केले तरी जवळजवळ सत्तर मीटर. प्रदर्शन उठल्यापासून पोरगी आठशे मीटर कधी पळालीच नव्हती. खरं अंतर धरलं तर तिची वेळ दोन अठ्ठावन्नला जात होती. म्हणजे दोन मार्क गेलेच, आणि आठ सेकंद नऊ दिवसांत कुठून आणायचे? मी आकड्यांवर पाय घासले. खडू पुसला गेला, पण ऑइलच्या डागावरचा एक आठ काही केल्या जाईना.

दुपारी जेवायला घरी गेलो. पुतणी आतल्या खोलीत लेखीचा अभ्यास करत होती. मी हिला स्वयंपाकघरात हळू आवाजात सगळं सांगितलं. हिनं तवा खाली उतरवला.

"आत्ता सांगा तिला. आत्ताच्या आत्ता."

"आज नको. तिचा धीर सुटेल. उद्या बघू."

"दाढ काढायलाही तुम्ही उद्याच म्हणाला होता. सहा महिने अर्ध्या तोंडानं जेवलात."

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. तुम्हालाच मोठं ऐकू येतंय."

ती म्हणत होती ते खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला एक युक्ती सुचली होती, आणि मला युक्ती सुचली की घरातली माणसं सावध होतात, एकटा मी होत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी एकटाच मैदानावर गेलो. एका गवंड्याकडून मागून आणलेली पोलादी टेप खिशात, रोजचा चुंबक हातात. थंडी होती, धुकं गुडघ्यापर्यंत. गॅलरीच्या बाजूला मुरमाचे दोन ढीग पडले होते. पुढच्या आठवड्यात कुणाची तरी सभा होती. मी जुनी फक्की खराट्यानं पुसली. दोन्ही टोकांच्या वळणांवरचे टायर आठ-नऊ मीटर बाहेर सरकवले. टेपनं पुन्हा पुन्हा मोजलं. नवी फक्की मारली. विचार असा, की पोरगी न कळत खरं अंतर पळेल, वेळ थोडी वाढलेली बघून जिद्दीला पेटेल, आणि नऊ दिवसांत आपोआप जुळून येईल. आपोआप! मोटारसायकल आपोआप दुरुस्त झाल्याचं उदाहरण तीस वर्षांत माझ्या बघण्यात नाही.

सहाला ती आली. "काका, रेषा नवी मारली?"

"पुसट झाली होती."

तिनं केस बांधले, अंगातला स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला आणि सुटली. पहिल्या फेरीला मी घड्याळ बघितलं आणि ते मुठीत झाकलं. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिचा चेहरा दिसला. तिथं ती रोज वेग वाढवायची. आजही वाढवला, पण रेषा जिथं यायची तिथं आली नाही. ती ओलांडली तेव्हा घड्याळात दोन एकोणसाठ होते.

"किती?"

मी सांगितलं.

"नाही," ती म्हणाली. "घड्याळ चुकलंय."

मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "परत पळते," आणि अर्धा तास बसून पुन्हा उभी राहिली. मी पुन्हा घड्याळ धरलं. या वेळी ती सुरुवातीपासूनच जीव तोडून पळाली, आणि दुसऱ्या फेरीत पाय जड झाले. तीन मिनिटं चार.

ती गॅलरीच्या पहिल्या पायरीवर बसली. डावी टाच वर घेऊन, खिळा घुसला होता ती जागा अंगठ्यानं दाबून बघायला लागली.

"काका, माझ्यात काहीतरी मोडलंय."

"काही मोडलं नाही."

"मग सोळा सेकंद एका रात्रीत कुठं गेले? पप्पांना फोन करा. न्यायला या म्हणावं. आठ दिवसांत काय होणारे? मी नाही जात."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी अजून थोडा वेळ गप्प राहिलो असतो, एवढं मी मला ओळखतो. पण ती टाच दाबत होती, आणि त्या टाचेत काही नव्हतं. जे होतं ते माझ्या हातात होतं. चुंबक घेऊनच मी उभा होतो. मी तो तुकडा तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. कापलेली दोरी, दादाचं वाढलेलं रान, सत्तर मीटर, सकाळचे टायर.

तिनं तुकडा हातात घेऊन कोपरापासून दोनदा मापला.

"म्हणजे दोन त्रेचाळीस कधी आलेच नव्हते."

"नाही."

"आणि पेढे?"

"खाल्ले सगळ्यांनी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

ती उठली. माझ्या खांद्यावरचा स्वेटर काढून घेतला. "दोरीचं मला काही वाटत नाही, काका. दोरी चुकते. दुसऱ्या टोकाला मीच होते, मलाही कळलं नाही. पण आज मी दोनदा पळाले. दोनदा. आणि तुम्ही घड्याळ धरून नुसते उभे राहिलात."

ती गेटाकडं निघाली आणि मी घड्याळ शून्यावर आणलं.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. जेवणात भाजी हवी का हे काकूमार्फत विचारलं जात होतं, दोघं एकाच ताटलीएवढ्या अंतरावर असताना. संध्याकाळी दादाचा फोन आला. तिनं त्याला सांगितलं होतं. मी शिव्यांची तयारी ठेवली. दादा म्हणाला, "म्हंजी रान धाच दोऱ्या हाय व्हय?" आणि मग, "जाऊ दे. पोरगी काय म्हनती?"

"बोलत नाही."

"मग येईल गाडी रुळावर. बोलली असती तर मला भ्या वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी स्टेडियमला गेलो तर गेट बंद. आत रोलर फिरत होता. माझे टायर एका कोपऱ्यात एकावर एक रचलेले, आणि जिथं मी पहाटे टेप लावून फक्की मारली होती तिथं हेलिकॉप्टरचं वर्तुळ. सभा होईपर्यंत मैदान मिळणार नव्हतं, आणि सभा चाचणीच्या आदल्या दिवशी. वर्षभरात एकदाच बरोबर मोजलेली फेरी एक दिवस टिकली.

मी गेटाबाहेर उभा होतो. मागून पुतणी आली. हातात तीस मीटरची लांब टेप.

"कुठून आणली?"

"मागून आणली. गाडी काढा. बेलापूरच्या अंगाला कालव्याचा रस्ता आहे, सरळ."

कालव्याकाठी तिनं गाडी थांबवायला लावली. टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "शून्य धरा. बाकी काही करू नका."

मी शून्य धरलं. ती टेप सोडत पुढं जायची, जमिनीवर खडा ठेवायची, हात वर करायची. मग मी त्या खड्यापाशी जाऊन पुन्हा शून्य धरायचो. सत्तावीस वेळा वाकलो. शेवटच्या वेळी ती म्हणाली, "वीसच मीटर," आणि एका बाभळीच्या बुंध्याला चुना फासला. मग परत मागं मोजत आली. दोन्ही वेळा तेवढंच भरलं तेव्हाच तिनं टेप गुंडाळली.

त्या दिवशी दोन सत्तावन्न आले. मी आकडा सांगितला. खोटा धीर द्यायचा म्हणून एक सेकंद खाण्याचा विचार मनात आला, तो मी कालव्यात सोडला. मग दोन छप्पन्न. एक दिवस पुन्हा सत्तावन्न. मग चोपन्न. आकडा विचारला की आकडा. माझ्या आयुष्यात इतके कमी शब्द मी कधी वापरले नाहीत, असं ही म्हणाली. शेवटचे दोन दिवस तिनं विश्रांती घेतली. तिची तिनंच घेतली, माझा सल्ला कुणी मागितला नव्हता.

चाचणीच्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर अजून नगरच ओरडतो. ती खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती. मी तिच्या बॅगेतली कागदपत्रं चारदा तपासली. पाचव्यांदा हात घातला तेव्हा तिनं डोळे न उघडता बॅग दुसऱ्या बाजूला ठेवली.

मैदानाच्या आत नातेवाइकांना सोडत नाहीत. भिंतीबाहेर आम्ही पन्नास-साठ आईबाप, काका-मामा, सगळे भिंतीकडं तोंड करून. आतून शिट्टी ऐकू यायची, मग पायांचा आवाज, मग ओरडा. तिची तुकडी कितवी ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी प्रत्येक शिट्टीला घड्याळ चालू करत होतो आणि ओरड्याला बंद. शेजारी एका मुलीची आई उभी होती. तिनं विचारलं, "काय मोजता हो?"

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या दिवसातलं ते माझं सगळ्यात अचूक वाक्य होतं.

ऊन चढलं. गेटातून मुली एकेक बाहेर येत होत्या. कोण हसत, कोण ओढणीत तोंड घालून. त्या आईची मुलगी आली आणि आईच्या गळ्यात पडली. हसण्यानं का रडण्यानं ते भिंतीकडून कळेना. पुतणी येत नव्हती. माझ्या डोक्यात टाच, खिळा, रुग्णवाहिका असं सगळं फिरून गेलं. आणि मग ती दिसली. अनवाणी, चपला हातात, पायाला पोटरीपर्यंत पांढरी फक्की.

ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"दोन एक्कावन्न."

एक सेकंद. एका सेकंदात ती पंधरा फूट जाते. पंधरा फूट म्हणजे दोन-दोन हातांचे पाच तुकडे. हे गणित माझ्या डोक्यात झालं, मी थांबवायच्या आत. दोन मार्क गेले.

"काका, असं बघू नका," ती म्हणाली. "कालव्यावर चोपन्न होते. आणि गोळा चांगला पडला." मग चपला खाली टाकून, "माझ्यापुढं पळणारी शेवटच्या वळणावर थांबलीच. तिला वाटलं, रेषा आली. मला वाटलं नाही. मला माहीत होतं ती कुठं आहे."

एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. राहुरी गेली तरी मी हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या होत्या.

लेखी परीक्षा झाली. निवडयादी लागली तेव्हा आम्ही सगळे तिच्या मोबाईलवर वाकलो. दादाही आला होता. वरून शोधायला सुरुवात केली आणि पानंच्या पानं गेली तरी नाव येईना. ही देवघराकडं निघाली. मग पुतणीच म्हणाली, "खालून बघा," आणि खालून तिसरं नाव तिचं होतं. आणखी एखादा मार्क कमी असता तर यादी तिच्याआधीच संपली असती. पेढे या वेळी दादानं आणले. मला म्हणाला, "तू नगं आनू, तुझे मागचे अजून पचले न्हाईत."

प्रशिक्षणाला जायच्या आधी तिनं स्टेडियमची फेरी मोजली. सभा होऊन गेली होती, सर्कस अजून यायची होती, मधे आठ दिवस मैदान रिकामं. टेप तिच्या हातात, शून्य माझ्या हातात, आणि मागं रोज पळायला येणाऱ्या सात-आठ मुली. या वेळी टायर नाहीत. कोपऱ्यांवर तिनं दगड पुरले, हातभर खोल, वर फक्त चार बोटं. दादानं दोरी परत आणली होती. मी चुंबकाचा तुकडा सोडला आणि म्हणालो, बांधतो पुन्हा, वडिलांची दोरी पुरी होईल.

"राहू द्या," ती म्हणाली. "गाठीत अर्धा हात जाईल. पुन्हा कुणाचं तरी रान वाढेल."

म्हणून तुकडा अजून चुंबकालाच आहे, आणि सकाळी मी अजून वाकूनच चालतो. गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी पळायला आली. बेलापूरहून सायकलवर येते. तिनं बोटानं दगड दाखवला आणि मला विचारलं, "काका, फेरी बरोबर आहे ना?"

मी ताठ व्हायला थोडा वेळ घेतला.

"गॅरेजात टेप आहे," मी म्हणालो. "घेऊन ये. मी शून्य धरतो."